पहिल्या गोळ्या वाया जातात

परवा हडपसरहून येताना बस मार्केट यार्डापाशी सिग्नलला थांबली आणि खिडकीतून झेंडूचा वास आत आला. कडवट, ओलसर, पोत्यात दाबून भरलेल्या फुलांचा. रस्त्याच्या कडेला टेम्पो रिकामे होत होते. हमालांच्या डोक्यावरचे टॉवेल पिवळे पडले होते. पुढच्या सीटवरच्या बाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, की आजच घेऊन ठेवा, उद्या भाव विचारायची हिंमत होणार नाही.

या वासाने लोकांना दसरा आठवतो, तोरण आठवतं. मला रायफलची नळी साफ करायच्या द्रवाचा वास आठवतो, त्याच्या मागून रॉकेलचा, आणि मग बाबांची बोटं. नखांच्या कडांना शाई असलेली. ती शाई कधीच पूर्ण गेली नाही.

बाबा छापखान्यात मशीनवर होते. मालकाची कामं म्हणजे लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीच्या चिठ्ठ्या. बाबांची स्वतःची कामं म्हणजे पत्रकं. हमालांच्या मजुरीवर, पाणीपट्टीवर, बुवाबाजीवर, युद्धावर. मालक उरलेला कागद स्वस्तात देत आणि बाबा सुट्टीच्या वेळात छापत. बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या मथळ्यांवरून. माझं नावसुद्धा मथळ्यासारखंच, समता. आई मी शाळेत असताना गेली. त्यानंतर घरात आम्ही दोघं आणि ते गठ्ठे.

दिवाळीत गल्लीतली पोरं टिकल्यांचं पिस्तूल उडवायची, आमच्याकडे ते आलं नाही. मी कधी मागितलंही नाही. ते आमच्याकडे का येत नाही, हे मला माहीत होतं. मला वाटतं त्या वयात गल्लीत एवढं ठामपणे माहीत असलेली मी एकटीच असेन.

अशा घरातली मुलगी कॉलेजात एनसीसीत गेली, तिथे पॉइंट टू टू रायफल हातात आली, आणि पालथं झोपून, श्वास अर्ध्यावर थांबवून तिने पहिली गोळी सोडली. त्यानंतर जी शांतता पसरली, तशी शांतता मला आयुष्यात कुठेच मिळाली नव्हती. सभांमध्ये नाही, मोर्चात नाही, घरात तर नाहीच. मी शहरातल्या एका जुन्या रायफल क्लबात नाव घातलं आणि घरी येऊन सांगितलं. आमच्या घरात लपवायची पद्धत नव्हती.

बाबा ओरडले नाहीत. आमच्याकडे आवाज चढत नसे, टाइप मोठा होत असे. दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या ताटलीखाली एक पत्रक होतं. मजकूर चार ओळींचा: शस्त्र कुणाच्या हातात आहे हा प्रश्न दुय्यम असतो, ते घडवलं कशासाठी हा पहिला. मी संध्याकाळी उत्तर लिहून फ्रिजवर चिकटवलं. मी कागदावर गोळी मारते, माणसावर नाही. चौकात तलवारीने वाढदिवसाचे केक कापणारे आणि त्यांचे फ्लेक्स लावणारे वेगळे, त्यांच्याशी माझं तुमच्याइतकंच वैर आहे. बाबांनी खाली पेन्सिलीने लिहिलं, ‘कागद लिहायला असतो.’

 मग घरात त्या विषयावर बोलणंच थांबलं. हळूहळू इतरही विषयांवर थांबलं. भाजी कोणती, गॅस कधी लावला, एवढंच उरलं. एका घरात दोन तत्त्वनिष्ठ माणसं असली की किती शांत होतं ते घर, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल.

*

मी सांगतेय तो ऑक्टोबर त्याच वर्षाचा. पाऊस संपला होता, क्लबाच्या मागच्या भिंतीवरचं शेवाळ वाळून तपकिरी झालं होतं, आणि पावसाळाभर कपाटात असलेल्या रायफली बाहेर निघाल्या होत्या. क्लबाकडे रायफली थोड्या, नेमबाज जास्त. माझ्या वाट्याला आलेली रायफल मी आणि प्राची मिळून वापरायचो. प्राची वाशिमची, हडपसरला एका कारखान्यात ट्रेनी होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी क्लबाची निवडचाचणी होती. मुलींतून एकीलाच राज्य स्पर्धेला जायला मिळणार होतं. ती एक मीच असावी, असं मला फार वाटत होतं. आपण जे निवडलं ते खेळणं नव्हतं, हे मला घरी दाखवायचं होतं.

गुरुवारी क्लबात गोळीबार बंद असे. काडतुसांचं कपाटच उघडत नसत. तो दिवस साफसफाईचा. पत्र्याच्या शेडमध्ये एक लांब लाकडी बाक होता आणि त्यावर सेक्रेटरींनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: ‘येथे रायफल साफ करावी. गप्पा घरी माराव्यात.’ माझ्या घरची परिस्थिती सेक्रेटरींना माहीत नव्हती.

नळी साफ करणं हे दिसायला क्षुल्लक काम आहे. आधी बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा मागचा खटका, काढून बाजूला ठेवायचा. मग बारीक लांब गजाच्या टोकाला द्रवात भिजवलेली चिंधी लावायची आणि गज मागून आत घालायचा, पुढून कधीच नाही. पुढून घातला तर नळीच्या तोंडाची कड गजाने घासली जाते, आणि गोळी बाहेर पडताना जिला शेवटचं टेकते ती हीच कड. ती केसभर झिजली तरी गोळी पन्नास मीटरवर भलतीकडे जाते. चिंधी पुढून बाहेर आली की तिथेच काढून टाकायची, तीच मळकी परत मागे ओढायची नाही. पहिली चिंधी काळी येते, शिशाची आणि काडतुसाला लावलेल्या मेणाची. दुसरी राखाडी. मग कोरड्या चिंध्या. शेवटची जवळजवळ पांढरी निघाली की रायफल उचलून खिडकीकडे धरायची आणि आत बघायचं. पिळदार खाचा प्रकाशात वळत जातात, ओल्या शिंपल्याच्या आतल्या बाजूसारख्या.

एका गुरुवारी बाबा शेडच्या दारात उभे दिसले. गुरुवारी त्यांच्या छापखान्यालाही सुट्टी असे. हातात माझा डबा होता, मी विसरले होते तो. त्यासाठी दोन बस बदलून ते आले होते.

“आज गोळी नाही ना?” त्यांनी विचारलं.

“नाही. गुरुवार आहे.”

“मग बसतो.”

ते बाकाच्या टोकाला बसले. मी काम करत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी एक चिंधी उचलली, तिचे कोपरे आत दुमडले आणि माझ्याकडे सरकवली. मशीनचे रूळ पुसायला ते अशीच घडी घालायचे. दोरे सुटत नाहीत म्हणून. मी ती गजाला लावली. खरंच सुटले नाहीत.

मग मी त्यांना सांगितलं, का सांगितलं कुणास ठाऊक, की यातली गंमत म्हणजे नुकती साफ केलेली नळी नेम धरत नाही. पहिल्या चारपाच गोळ्या हव्या तिथे जातच नाहीत. शिशाचा आणि मेणाचा एक पातळ थर आत पुन्हा बसावा लागतो, मग ती ताळ्यावर येते. म्हणून साफ केल्यावर आधी काही गोळ्या वाया घालवायच्या आणि मग खरा नेम धरायचा.

बाबांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी हललं. “आमच्याकडे हेच,” ते म्हणाले. “रूळ रॉकेलने धुतले की पहिले कागद फिके, डागाळलेले येतात. ते रद्दीत. नवीन पोरं घाबरतात, मशीन बिघडलं म्हणतात. मशीनला काही झालेलं नसतं. स्वच्छ झालंय एवढंच.”

पुढच्या गुरुवारी ते डब्याशिवायच आले. त्याच्या पुढच्याही. मी गज चालवायची, ते चिंध्या कापून दुमडायचे. शाईबद्दल बोलायचे, मालकाबद्दल, आई पत्रकं वाटायला मार्केट यार्डात आली होती त्या दिवसाबद्दल. तो दिवस त्यांनी मला आधी कधीच सांगितला नव्हता. आई हमालांना पत्रक देताना आधी विचारायची, वाचता येतं का, आणि नाही म्हणाला तर तिथेच पोत्यावर बसून वाचून दाखवायची. दुपारपर्यंत तिची चारच पत्रकं खपली. बाबांची सगळी संपली होती. “त्या चार जणांनी मात्र ऐकलं होतं,” ते म्हणाले.

घरी आलो की पुन्हा भाजी आणि गॅस. जणू बोलायची परवानगी त्या बाकावरच होती, आणि तीही पाटीच्या विरोधात.

*

दसऱ्याच्या आधी बाबांनी जेवणाच्या टेबलावर एक कागद ठेवला. मथळा होता, ‘शस्त्राला हळद कशाला?’ खाली मजकूर. हत्याराची पूजा करणारा समाज हत्याराला प्रश्न विचारत नाही, अशी सुरुवात.

“मथळा चांगला आहे,” मी म्हणाले.

“मजकूर?”

“मतभेद आहेत.”

“ते असू देत.” मग कागदाची घडी घालत, “हे मी तुमच्या निवडचाचणीच्या दिवशी वाटणार आहे. क्लबाच्या गेटबाहेर.”

“फुटपाथवर?”

“फुटपाथवर.”

“मग हरकत नाही,” मी म्हणाले आणि कोशिंबीर वाढून घेतली. मी दुसरं काय म्हणणार होते? त्यांनीच मला शिकवलं होतं की आपल्याला न पटणारं पत्रक वाटायचा हक्क हाच खरा हक्क. ते शिकवताना त्यांच्या डोक्यात हा प्रसंग नसावा.

दसऱ्याला सकाळी क्लबात शस्त्रपूजन झालं. सगळ्या रायफली सतरंजीवर ओळीने, वर झेंडूच्या माळा. मी मागे उभी होते, हात न जोडता. सेक्रेटरी, निवृत्त बँक मॅनेजर, अतिशय सभ्य गृहस्थ, अनामिकेने प्रत्येक रायफलला ओलं हळदकुंकू लावत गेले. आणि नेमकं नळीच्या तोंडावर. ज्या कडेला आम्ही गजसुद्धा लागू देत नाही तिथे! वर अक्षता. आमच्या रायफलीच्या तोंडातून कुंकवाचा एक ओघळ आत गेलेला मला मागून दिसला. तांदळाचा दाणाही गेला असावा.

बाबांचं पत्रक मला तत्त्व म्हणून पटत नव्हतं, पण त्या क्षणी त्याच्या मथळ्यावर मी सही केली असती.

ओलं कुंकू पोलादावर रात्रभर राहिलं तर सकाळी तिथे गंजाचा ठिपका दिसतो. प्राची म्हणाली, राहू दे ना वं, देवाचं आहे. मी तिला नळीतून उजेडाकडे बघायला लावलं. खाचांमध्ये लाल चिखल. त्यानंतर तिनेच चिंध्या काढल्या. आम्ही दोघींनी दुपारभर बसून नळी धुतली, शेवटची चिंधी पांढरी येईपर्यंत. बाकीच्या चिंध्या गुलाबी निघाल्या. असा रंग मी त्या बाकावर पुन्हा पाहिला नाही. वाया घालवायच्या गोळ्या त्याच दिवशी मारता आल्या नाहीत, कारण काडतुसांच्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते दसऱ्याला गावी गेले होते, चाचणीच्या सकाळी परतणार होते. चिंता नव्हती. चाचणी सुरू होण्याआधी प्रत्येकीला सरावाच्या गोळ्यांसाठी थोडा वेळ मिळतो. गुण त्यानंतरच्या गोळ्यांचे मोजतात. सरावाच्या वेळात नळी ताळ्यावर आली असती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तुकडीत मी होते, दुसरीत प्राची. मी चटई अंथरून पालथी झोपले, पट्टा दंडाला आवळला. सरावाची वेळ सुरू झाल्याची शिट्टी झाली आणि मागून कुणीतरी वाकून म्हणालं, “आपण जरा बाहेर येता का?”

सेक्रेटरी होते. “आपले वडील गेटवर उभे आहेत. पालकांना, मुलांना कागद देतायत. आम्ही आज निवडचाचणी ठेवली आहे, सभा नाही. त्यांना जायला सांगा. नाहीतर मला पोलिसांना फोन करावा लागेल.”

मी रायफल खाली ठेवली आणि गेले.

बाबा खरंच फुटपाथवर होते. गेटच्या लोखंडी पट्टीच्या बाहेर, मुद्दाम एक पाऊल मागे. हातात गठ्ठा. वॉचमन त्यांच्या दंडाला धरून होता. तो धरलेला दंड पाहिल्यावर माझ्या डोक्यात जी तिडीक गेली, ती आठवलं की आजही जाते. मी वॉचमनला सांगितलं, हात काढा. सेक्रेटरींना सांगितलं, “फुटपाथ महापालिकेचा आहे. ते गेटच्या आत आले तर मला बोलवा.” ते म्हणाले, आपण क्लबाच्या सभासद आहात हे विसरताय. मी म्हणाले, विसरले नाही, म्हणूनच क्लबाची हद्द कुठे संपते ते मला माहीत आहे.

बाबा एकदाच बोलले. “समता, तू आत जा. तुझी वेळ जातेय.”

मी गेले नाही. सेक्रेटरींनी फोन खिशात परत ठेवेपर्यंत, वॉचमन स्टुलावर जाऊन बसेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. येणारे लोक माझ्या अंगावरच्या क्लबाच्या युनिफॉर्मकडे बघायचे, बाबांच्या हातातल्या कागदाकडे बघायचे आणि कागद न घेता आत जायचे.

परत चटईवर झोपले तेव्हा सरावाची वेळ संपल्याची शिट्टी झाली. धुतलेल्या नळीतून माझी पहिली मोजली जाणारी गोळी सुटली आणि खाली उजवीकडे गेली. दुसरी वर. तिसरी पुन्हा खाली. माझा श्वास बरोबर होता, बोट बरोबर होतं. मला माहीत होतं काय होतंय आणि त्याला इलाज नव्हता. गुण देऊन देऊनच तो थर बसवावा लागणार होता. पाचसहा गोळ्यांनंतर रायफल ताळ्यावर आली आणि मग शेवटपर्यंत मी इतकी चांगली मारली की तशी पुन्हा कधी मारली नाही.

दुसऱ्या तुकडीत प्राचीने तीच रायफल घेतली. नळी तोवर छान तयार झाली होती. तिची निवड झाली. मी थोडक्यात मागे राहिले, तेवढ्याच पहिल्या गोळ्यांइतकी. तिने मला मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, “तुहे बाबा मलेबी एक कागद देऊन राहिले होते. मी घेतला वं.” पूर्ण दिवसात बहुधा तिनेच घेतला.

*

त्या संध्याकाळी बाबा ओट्याशी उभे राहून चहा गाळत होते. पाठ माझ्याकडे. त्यांनी निकाल विचारला नाही.

“पहिले कागद वाया घालवायला वेळ मिळाला?” त्यांनी विचारलं.

आमच्या घरात खोटं कधी छापलं गेलं नव्हतं, बोललंही गेलं नव्हतं.

“मिळाला,” मी म्हणाले.

त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. चहात साखर नव्हती. मी तसाच प्यायले.

पुढच्या गुरुवारी ते क्लबात आले, या वेळी रिक्षाने, कारण हातात सुतळीने बांधलेला जड गठ्ठा होता. त्यांनी तो बाकावर ठेवला. ‘शस्त्राला हळद कशाला?’ गेटवर न खपलेली सगळी पत्रकं.

“मागची बाजू कोरी आहे,” ते म्हणाले. “रद्दीला जाण्यापेक्षा घे. पहिल्या गोळ्यांना.”

 म्हणजे त्यांना कळलं होतं. नळी धुतली की काय होतं हे ज्याला त्याच बाकावर बसून मीच सांगितलं होतं, त्याला न कळून कसं चालेल. कागद लिहायला असतो म्हणणाऱ्या माणसाने आपला लिहिलेला कागद माझ्यापुढे ठेवला होता. मग ते बसले आणि चिंध्या दुमडायला लागले.

पाटीवरून सेक्रेटरींचं अक्षर आमच्याकडे बघत होतं. आम्ही गप्पा मारल्या नाहीत.

*

आता क्लबात बहुतेक जण एअर रायफलवर गेलेत. लक्ष्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक पडदे आले, गोळी कुठे लागली ते आपोआप दिसतं. शेडमधल्या बाकावर धूळ असते. प्राची लग्न करून नागपूरला असते, सणाला मेसेज पाठवते. मी हडपसरला ऑफिसजवळ खोली घेतली. बिबवेवाडीचं घर बंद आहे. बाबा मागच्या पावसाळ्यात गेले. हवा खेळावी म्हणून मी अधूनमधून जाऊन खिडक्या उघडते आणि गठ्ठ्यांमध्ये बसून राहते.

दसऱ्याला क्लबात अजूनही पूजा होते. फक्त हळदकुंकू आता लाकडी दस्त्याला लावतात. दुसऱ्या वर्षी सेक्रेटरींनीच तसं ठरवलं, कुणालाही कारण न सांगता. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पत्रकाने काही होत नाही असं नाही. मग म्हणाले, तशी ती गंजाची भीती असेल.

काल गुरुवार. मी ऑफिसातून अर्धी रजा काढून गेले. शेडमध्ये कुणीच नव्हतं. बोल्ट काढला, मागून गज घातला. चिंध्या मीच दुमडल्या, कोपरे आत. पहिली काळी, दुसरी राखाडी. शेवटची पांढरी झाल्यावर नळी खिडकीकडे धरून आत पाहिलं. बाकाच्या टोकाला जागा ठेवून बसायची माझी सवय अजून गेलेली नाही.

आज पहाटे रेंजवर जाऊन मी बाबांनी दिलेल्या त्या गठ्ठ्यातला एक कागद काढला आणि चौकटीवर लावला. कोरी बाजू माझ्याकडे, मजकूर मागे मातीच्या बांधाकडे. पाच गोळ्या मारल्या. पाचही वेगवेगळ्या गेल्या, जशा जायच्या तशा. मग कागद काढून आणला आणि उलटा करून पाहिला. मथळ्याला काही झालं नव्हतं. एक भोक तेवढं ‘हळद’च्या शेजारी होतं.

गठ्ठा अजून बराच उरलाय. लोक घेतील अशी त्यांना खात्री होती.